कर्व्ह्ड गेमिंग मॉनिटर घेतला आणि आता वळचणीला कमान दिसतेय

सूत_आणि_ओळंबा (देवगड)
११ जून, रात्री ११:५२

मंडळी, जरा लांबण लागणार आहे. बाहेर धो धो लागलाय, लाईट आहे तोवर लिहून टाकतो. तुम्ही सावकाश वाचा.

मी घरांचे नकाशे काढतो, ऑटोकॅडवर. दिवसभर जांभ्याच्या भिंती, कौलारू छपरं आणि हल्ली मुख्यतः होमस्टेच्या खोल्या. रात्री जेवणं आटोपली की युरो ट्रक सिम्युलेटर टू, शनिवारी पोरं ऑनलाइन आली तर व्हॅलोरंट. टेबल एक, पीसी एक, माणूसही एकच. जुना २२ इंची मॉनिटर वळवाच्या पहिल्याच गडगडाटात गेला. आंब्याचा सीझन संपत आला की बागायतदारांकडे अडकलेली माझी बिलं सुटतात. तशी ती मेच्या शेवटी सुटली आणि मी शहाणपणा केला.

घेतला तो असा: ३२ इंची, १५००आर कर्व्ह, व्हीए जातीचं पॅनल, १९२०×१०८० टिपके (पिक्सेल), १६५ हर्ट्झ (सेकंदाला १६५ वेळा चित्र बदलतं), ऑनलाइन साडेसतरा हजारांना. ग्राफिक्स कार्ड जुनंच, जीटीएक्स १६५०. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, इथे लगेच दोन पार्ट्या पडतात आणि माझा प्रश्न राहतो बाजूला. कर्व्ह्डच का, तर कोल्हापूरला मावसभावाकडे ३४ इंची बघितला होता. त्यावर ट्रक चालवताना खरोखर केबिनमध्ये बसल्यासारखं वाटलं, दोन्ही बाजूंचे आरसे मान न वळवता दिसत होते. तेव्हापासून डोक्यात किडा वळवळत होता.

आला त्या दिवशी मी पहिली मापं घेतली. खोडच आहे ती. गवंड्याची लाइनदोरी पडद्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ताणली, एक टोक आईच्या हातात दिलं. अंतर भरलं ७०१ मिलिमीटर. मग मधोमध दोरी आणि पडदा यांच्यात स्टीलची पट्टी आडवी घातली: ४२. हे तीन बिंदू ऑटोकॅडमध्ये टाकून आर्क काढला तर त्रिज्या आली १४८३. खोक्यावर १५००आर लिहिलंय, म्हणजे दीड मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा. दोरी हाताने धरलेली, त्यातून एक टोक आईकडे, तेव्हा १७ मिलिमीटर इकडेतिकडे व्हायचेच. तेवढ्यापुरतं खोकं खरं बोलतंय. आई दोरी सोडून म्हणाली, "एवढे पैशे घालून वाकडो कित्याक हाडलंस? सरळ नाय गावलो?" तेव्हा मी हसलो होतो.

चौथ्या दिवशी मुंबईहून एक चाकरमानी आले. गावच्या घराला दोन खोल्या वाढवायच्यात. माझ्या खांद्यामागे उभं राहून पुढचं एलिव्हेशन (दर्शनी बाजूचं चित्र) बघत होते. म्हणाले, "वळचणीला कमान का दिलीत? आम्हाला साधं कौलारू हवंय." मी म्हटलं, अहो सरळ रेष आहे ती. त्यांनी बोट ठेवून दाखवलं. मी खुर्चीतून उठून त्यांच्या उंचीवर गेलो तर खरंच कमान! परत खुर्चीत बसलो तर तीच रेष उलटी, मधे झोळ पडलेली. पडद्याच्या कडा डोळ्याला जवळ आणि मधला भाग लांब, त्यामुळे डोळ्यासमोरची आडवी रेष तेवढी सरळ दिसते. तिच्या वरच्या रेषांना झोळ, खालच्यांना कमान. उभ्या माणसाचा डोळा अख्ख्या पडद्याच्या वर, म्हणून त्याला सगळीकडे कमानच. उभ्या रेषा मात्र सरळ राहतात. शेवटी मी त्यांना प्रिंट काढून दिली आणि त्यावर फूटपट्टी ठेवून दाखवली. वीस वर्षं ओळंबा लावून कामं करणाऱ्या माणसाला हे दिवस.

अक्षरांचं दुखणं वेगळंच. जुन्या २२ इंचीवर तेवढेच १९२० टिपके ४९ सेंटीमीटरमध्ये होते, आता ते ७१ सेंटीमीटरमध्ये पसरलेत. म्हणजे एक टिपका पाव मिलिमीटरवरून ०.३७ वर गेला. टेबल दोन फुटी आहे, मागे सरकायला जागा नाही, मागे भाताची कणगी आहे. पूर्ण प्लॅन एका नजरेत ठेवला की खोलीचं माप ३.६० आहे की ३.८० हे झूम केल्याशिवाय कळत नाही. आठ इंच चुकले तर गिऱ्हाईक माझ्या नावाने गावभर बोंबलेल.

आता रात्रीची गोष्ट. ट्रकचा गेम मी मुद्दाम रात्रीचा चालवतो, गर्दी कमी असते आणि जरा मन रमतं. काळसर आभाळापुढून काळसर झाडं सरकायला लागली की प्रत्येक झाडामागे एक मळकट शेपूट. पाटी ओल्या फडक्याने पुसल्यावर खडूचा ओघळ राहतो ना, तसं. मुंबई-गोवा हायवेवर पावसात वायपरचं रबर फाटलं की समोर जे दिसतं ते मी पैसे मोजून घरात आणलंय.

आणि शेवटचं. पीसी आमच्या माजघरात आहे. टेबलाच्या डाव्या अंगाला झोपाळा. मी जेवायला बसलो की आई झोपाळ्यावर बसून मॉनिटरवर मोबाईलवाली मालिका लावून घेते. परवा म्हणाली, "ह्येचा तोंड काळा-पांढरा कित्याक होता रे?" मी तिच्या शेजारी जाऊन बसलो. झोपाळा पुढे गेला की मालिकेतल्या बाईची काळी साडी काळी. झोपाळा मागे आला की साडी राखाडी, राख फासल्यासारखी. पुढे काळी, मागे राखाडी. पाच मिनिटं आम्ही दोघं झोके घेत तेवढंच बघत होतो.

परत करावा म्हटलं तर सात दिवसांची मुदत. त्यातले चार दिवस आमच्याकडे लाईटच नव्हती, वाडीतला एक माड तारांवर आडवा झाला होता. लाईट आल्यावर ॲप उघडलं तर "आपल्या पिनकोडवर पिकअप उपलब्ध नाही". आणून द्यायला बरा पिनकोड सापडला होता!

तर प्रश्न असे. ही शेपटं सेटिंगने जातात का, की पॅनलच तसलं? नकाशाच्या कामाला कर्व्ह्ड मॉनिटरची सवय होते का? आणि विकायचा झाला तर आपल्या भागात कोण घेईल?


फुकटसल्ला (मालवण)
१२ जून, सकाळी ७:१०

नकाशे काढायला कर्व्ह्ड? मग तळमजला गोल काढा, जमून जाईल.


फ्रेमड्रॉप (रत्नागिरी)
१२ जून, सकाळी ९:३४

वर हसणाऱ्यांनी हसून घ्या. भाऊ, तुमचं दोरीचं माप बघून मजा आली, पण एक माप तुम्ही घेतलंच नाही. मॉनिटर १६५ वर चालतोय हे कशावरून? विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टीम, डिस्प्ले, त्यात सगळ्यात खाली ॲडव्हान्स्ड डिस्प्ले. तिथे रिफ्रेश रेट काय दिसतो ते बघा. नवा मॉनिटर जोडला की विंडोज पुष्कळदा ६० वरच बसून राहतं, आणि माणूस महिनोन्‌महिने १६५ चे पैसे देऊन ६० बघत राहतो. केबल कुठली तेही सांगा. डिस्प्लेपोर्ट असेल तर तीच लावा.

दुसरं, मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूत ओव्हरड्राइव्ह किंवा रिस्पॉन्स टाइम नावाचं काहीतरी असेल. ते सगळ्यात वरच्या पायरीवर ठेवलं असेल तर एक पायरी खाली आणा. फार जोर दिला की टिपका हव्या त्या रंगाच्या पुढे निघून जातो आणि मग मागे येतो, त्याने वस्तूमागे उजळ पांढरट सावली दिसते. काळी शेपूट वेगळी, पांढरी शेपूट वेगळी. तुम्हाला कुठली दिसते?

काळी असेल तर ऐका. व्हीए पॅनलचा गुण आणि अवगुण एकाच पोटचे. त्यातले द्रवस्फटिक विश्रांतीला उभे असतात आणि मागचा उजेड चांगला अडवतात, म्हणून काळा रंग दाट. कॉन्ट्रास्ट साधारण ३०००:१ मिळतो, आयपीएस ही पॅनलची दुसरी जात, तिला १०००:१ च्या आसपास. पण काळ्यातून गडद करड्यात जायचं असेल तर त्यांना विजेचा धक्का अगदी हलका बसतो, आणि हलक्या धक्क्याने ते आळसावल्यासारखे हलतात. १६५ हर्ट्झला एक फ्रेम ६ मिलिसेकंदांची. तेवढ्यात ते वळून उभे राहत नाहीत, पुढची फ्रेम येते, मागचीचा डाग राहतो. उजळ रंगांत हे जाणवत नाही. म्हणून दुकानातल्या डेमोत सगळीकडे फुलं आणि पोपट असतात, रात्रीचा रस्ता कोणी दाखवत नाही.

खोक्यावर १ मिलिसेकंद लिहिलं असेल, त्याच्या शेजारी बारीक अक्षरांत एमपीआरटी आहे का बघा. ते पॅनलचा वेग सांगत नाही. मागचा दिवा फ्रेमच्या मधे विझवून चित्र रेखीव भासवतात, त्याचा आकडा तो. तो मोड लावला की पडद्याचा उजेड कमी होतो आणि बहुतेक मॉनिटरवर फ्रीसिंक (गेमचा आणि पडद्याचा वेग जुळवणारी सोय) बंद होतं.

एवढं करून सांगा. शेपूट कमी होईल, जाणार नाही.


सूत_आणि_ओळंबा (देवगड)
१२ जून, दुपारी १:०५

६० वर होता.

पंधरा दिवस. मी. जो विटेच्या सांध्यात दोन मिलिमीटर जास्त सिमेंट दिसलं तर गवंड्याला थांबवतो.

१६५ केला. माऊसचा बाण लोण्यातून फिरल्यासारखा फिरतोय. आई म्हणाली, काय हसतोस एकटाच. एचडीएमआय केबल लावली होती, खोक्यात डिस्प्लेपोर्ट होती ती पिशवीतून काढलीच नव्हती. ओव्हरड्राइव्ह खरोखर शेवटच्या पायरीवर, मीच पहिल्या दिवशी जास्त ते चांगलं म्हणून केलं असणार. खाली आणला तर काल दिवसाच्या ड्रायव्हिंगमध्ये खांबांमागे जी पांढरट कड दिसायची ती गेली. म्हणजे दोन्ही शेपटं होती, एक माझी आणि एक कंपनीची. काळी रात्री बघून सांगतो. एमपीआरटी लिहिलंय, बरोबर. चष्मा लावून वाचलं.


वाशिष्ठीकाठची (चिपळूण)
१२ जून, दुपारी ४:२०

दादा, तुमच्या आईंच्या झोपाळ्याचं वाचून मी कामात असताना मोठ्याने हसले, समोर नवरीचे आईवडील बसले होते.

मी लग्नाचे फोटो करते. २२ जुलै २०२१ च्या पुरात तळमजल्यावरच्या स्टुडिओत सगळंच गेलं, मॉनिटर चिखलातून फावड्याने काढले. नंतर घाईत, भाचा म्हणाला म्हणून, २७ इंची कर्व्ह्ड घेतला. वर्षभर वापरला, मग भाच्यालाच दिला. कारण तुमचंच. मी समोर बसले की नवरीच्या शालूचा गडद जांभळा बरोबर, आणि शेजारी बसलेल्या तिच्या आईला तोच फिकट. त्या म्हणायच्या रंग उडालाय, मी म्हणायची नाही उडाला. दोघीही खऱ्या होतो. व्हीएमध्ये बाजूने बघितलं की गडद रंग आधी फिके पडतात, आणि कर्व्ह असला तरी तो फक्त मधे बसलेल्याला सांभाळतो. बाजूच्या माणसाला तर एक कड जास्तच तिरकी होते. ज्यांच्या धंद्यात दोन माणसं एका पडद्याकडे बघून पैसे ठरवतात त्यांनी हा घेऊ नये, असं माझं मत झालंय. तुमचे चाकरमानी आणि माझ्या नवरीची आई, एकच केस.

एक विचारते. तुमच्या मागे किंवा बाजूला खिडकी आहे का? माझी पश्चिमेला होती. सपाट मॅट पडद्यावर खिडकी म्हणजे एका जागी एक पांढुरका डाग. मान जरा हलवली की चुकवता येतो. बाकदार पडद्यावर तोच उजेड आडवा ताणला जायचा, चार वाजले की अर्ध्या फोटोवर दुधाची साय. मी शेवटी खिडकीला गोणपाट लावलं. मंडप डेकोरेशनवाले विचारायचे, आत काय धान्य ठेवलंय का.

तात्पुरता उपाय: मॉनिटर उंच-खाली होत असेल तर पडद्याचा मध्य बरोब्बर डोळ्यासमोर आणा. एलिव्हेशन बघताना ते पडद्याच्या मधल्या पट्ट्यातच ठेवा, वरखाली नेऊ नका. गिऱ्हाईक आलं की त्यालाच खुर्चीत बसवा आणि तुम्ही उभे राहा. तुम्हाला कमान दिसली तरी चालेल, तुम्हाला माहीत आहे ती नाहीये.


माडाखालचो (कुडाळ)
१२ जून, रात्री ९:४८

मेल्या, तू मॉनिटर हाडलंस काय जमीन मोजूक गेल्लंस? लाइनदोरी लावन पडदो कोण मोजता रे!

आता खरा सांगतंय. माझ्याकडे ३४ असा, ३४४०×१४४०, तो पण व्हीए आणि तो पण वाकडो. दोन वर्सां झाली, माका कायच त्रास नाय. पण माझी खोली माळ्यावरची. एकच खिडकी, ती पण बंद. मी एकटोच बसतंय, पडद्यासून हातभर लांब, बरोबर मधे. माझ्या खांद्यापाठी कोण उभो रवणा नाय, रवलो तर डोक्याक वासो लागता.

तुझो घोळ हंयच झालो. कोल्हापूराक बघलंस ३४ आणि हाडलंस ३२. आयकूक दोन इंचांचो फरक. पण तो ८० सेंटीमीटर रुंद, तुझो ७०. उंचीक उलट तुझोच जास्त. आणि टिपके त्येचे तुझ्या दुपटीपेक्षा जास्त. रुंद पडद्याच्या कडा डोळ्यापासून लांब जातत, म्हणान त्येका वाकवची गरज. तुझ्या पडद्याक वाकवन काय मेळला? खोक्यावर फोटो बरो इलो, तेवढाच.

माझो पण सपाट असतो तर बरो झालो असतो काय, ता माका म्हायत नाय. ट्रक चलवताना आरसे बघूक मजा येता, ह्या मात्र खरा.

आवशीक मालिका बघूची असली तर तिका ल्हानसो टीव्ही घेवन दी. झोपाळ्यार बसान व्हीए पॅनल खंयच कोण बघना नाय.


सोल्डरवाला (कणकवली)
१३ जून, सकाळी १०:१५

मी दुरुस्तीचं दुकान चालवतो, तेव्हा माझं जरा धंद्याच्या बाजूने ऐक.

पहिलं म्हणजे जुना २२ इंची फेकलास का? गडगडाटात गेलेल्या मॉनिटरमध्ये दहातल्या कित्येक वेळा पॉवर सप्लायचा बोर्ड गेलेला असतो, पॅनल शाबूत असतं. घेऊन ये. नकाशाला तुला तो सोन्यासारखा होता.

दुसरं, नवा कुठलाही ठेवलास तरी जूनपासून सप्टेंबरपर्यंत रोज तासभर तरी चालू कर. आमच्याकडे ऑगस्टमध्ये जे येतात त्यातले अर्धे बंद ठेवलेले असतात. चालू वस्तू स्वतःच्या उबेने कोरडी राहते. बंद वस्तूत दमट हवा बसते, तुमच्या देवगडला त्यात खारा वारा, पोर्टच्या पिना हिरव्या पडतात. मुंग्या वेगळ्याच. परवा एका मॉनिटरमधून मुंग्यांची अंडी चमचाभर काढली. आणि गडगडायला लागलं की पिन काढायची. बटण बंद करून भागत नाही, भिंतीतून पिनच काढायची. नेटची वायरसुद्धा. स्टॅबिलायझर वीज पडण्यापासून वाचवत नाही, अर्थिंग तपासून घे. जांभ्याच्या कातळात अर्थिंग नीट लागत नाही हे तुला मी काय सांगू, घरं तू बांधतोस.

आता विकायचं. ३२ इंची १०८० हा जवळून बघायचा पडदाच नाही. इंचाला ६९ टिपके पडतात. पण सहा फुटांवरून बघणाऱ्याला तो छान दिसतो. फोंडाघाटचा एक मुलगा कन्सोलला लावायला असाच शोधतोय, गादीवर लोळून खेळतो, एकटाच. त्याच्याकडे पैसे पूर्ण नाहीत, पण माझ्या दुकानात एक वापरलेला २७ इंची सपाट आयपीएस १४४० आहे. इंचाला १०९ टिपके. तुझा त्याला, हा तुला, वरचा फरक किती ते समोरासमोर बसून बघू, इथे चारचौघांत आकडा नको. जीटीएक्स १६५० वर १४४० ला नवे जड गेम धापा टाकतील. तुझा ट्रक आणि व्हॅलोरंट चालतील. फक्त एक लक्षात ठेव, आयपीएसवर रात्रीचा काळा इतका दाट येणार नाही. अंधाऱ्या खोलीत कोपरे जरा उजळलेले दिसतात. नंतर माझ्या नावाने इथे नवा धागा काढू नकोस.

मूळ खोकं आणि आतले थर्माकोल आहेत ना? त्याशिवाय वाकडा पडदा फोंड्याला पाठवणार नाही. सपाट मॉनिटर दोन उश्यांत जातो, हा मधे दाबला गेला तर संपला.


फ्रेमड्रॉप (रत्नागिरी)
१३ जून, सकाळी १०:४०

काळ्या शेपटीचं काय झालं भाऊ? रात्री बघून सांगणार होता.


सूत_आणि_ओळंबा (देवगड)
१४ जून, रात्री १०:३०

काल दिवसभर लाईट येत-जात होती, म्हणून उशीर.

सगळं करून बघितलं. १६५ हर्ट्झ, डिस्प्लेपोर्ट, ओव्हरड्राइव्ह मधल्या पायरीवर. रात्री दहा ते बारा रोटरडॅमहून हॅम्बुर्ग. शेपटं आखूड झालीत, निम्म्यावर आली म्हणा. मग मेनूत ब्लॅक इक्वलायझर सापडला. तो वाढवला की काळं सगळं करडं होतं आणि करड्याला शेपूट फुटत नाही. पण मग अमावास्येची पौर्णिमा होते. हेडलाइट लावले काय न लावले काय, रस्ता लख्ख. व्हीए काळ्या रंगासाठी घ्यायचा आणि शेपूट जावी म्हणून काळाच काढून टाकायचा. पुन्हा शून्यावर आणला. व्हॅलोरंटला मात्र १६५ चा फरक खरा पडला, शनिवारी पोरांनी विचारलं, आज नवीन माऊस का? म्हटलं होय.

वाशिष्ठीकाठच्या ताई, खिडकी आहे, डाव्या अंगाला, झोपाळ्याच्या मागे. साय मलाही दिसायची, मी समजत होतो पडदा पुसायला हवा, रोज फडकं मारत होतो. गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवायचं काल करून बघितलं. दुसरे एक आले होते, शौचालय कुठे घ्यायचं यावर वाद होता. ते खुर्चीत, मी मागे. त्यांना रेष सरळ दिसली, मला कमान, आणि मी सबंध वेळ तोंड मिटून उभा. जमतं. पण खुर्चीत बसल्यावर ते उठेनात, माऊस हातात घेऊन स्वतःच शौचालय सरकवायला लागले.

माडाखालच्या, तुझं बरोबर आहे. मी कोल्हापूरला बघितलं ते टिपके आणि रुंदी होती, मला वाटलं वाकडेपणा. आणि माका पण त्या मावसभावाच्या खोलीत कोणी दुसरो माणूस बसलेलो आठवणा नाय.

सोल्डरवाले दादा, २२ इंची फेकला नाही, मांगरात आहे. घेऊन येतो. अदलाबदल मला मंजूर, वरचं समोरासमोर बोलू. रात्रीचा काळा उजळ दिसला तरी चालेल, आमच्याकडे तशीही ओटीवरची ट्यूब चालू असते. पिन काढायचं आईला शिकवलंय, आता ढग दिसला तरी काढते, काल माझी फाइल सेव्ह व्हायची होती.

अडचण खोक्याची. मी ते माळ्यावर टाकलं होतं. आज काढायला चढलो तर आत थर्माकोलच्या खाचेत, बरोबर पडद्याच्या बाकाच्या जागी, आमची मांजर चार पिल्लं घेऊन पडलेली. दोन दिवसांची असतील. त्यांचे डोळे उघडेपर्यंत खोक्याला हात लावायचा नाही असं आईने जाहीर केलंय, आणि दुसऱ्या खोक्यात हलवतो म्हटलं तर मांजर माझ्याकडे असं बघते की मी खाली उतरलो. तेव्हा फोंड्याच्या मुलाला सांगा, दहाबारा दिवस थांब.

आणि दादा, खोक्याला थोडा वास येईल. तो भाव करताना आधीच धरा.